शुगरबीटचे बियाणे वाटण्याआधी मातीतली बुरशी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अलीकडच्या काही हंगामांत उसाअभावी अनेक कारखान्यांचे गाळप लवकर आटोपू लागले आणि शुगरबीटचा विषय पुन्हा चर्चेत आला. उसाला बारा ते अठरा महिने लागतात, बीट पाच-सहा महिन्यांत तयार होते. पाणी बरेच कमी लागते. कंदात साधारण १४ ते १८ टक्के साखर असते. ऊस संपत आला की बीट गाळून हंगाम महिनाभर पुढे ओढता येतो आणि साखरेला भाव नसेल तेव्हा त्याच रसाचे इथेनॉल करता येते, असे सभासदांच्या मेळाव्यांतून सांगितले जाते. यातला एकही मुद्दा खोटा नाही. परंतु मी ऐकलेल्या भाषणांत आणि वाचलेल्या माहितीपत्रकांत या पिकाच्या बुरशीजन्य रोगांना जेमतेम एखादी ओळ मिळते, आणि तीही ‘रोग दिसताच शिफारशीत बुरशीनाशकाची फवारणी करावी’ अशा ठरीव शब्दांत. वनस्पतिरोगशास्त्र शिकवण्यात ज्याची नोकरी गेली त्याला ही ओळ स्वस्थ बसू देत नाही, कारण आपल्या हवामानात बीटचा जो सर्वांत घातक रोग आहे तो वर दिसतो तेव्हा फवारणीची वेळ केव्हाच टळून गेलेली असते.

बीट आपल्या देशाला नवे नाही. १९७०च्या दशकात लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेकडे या पिकाच्या अखिल भारतीय समन्वित संशोधनाचे काम होते, पंतनगरच्या कृषी विद्यापीठात त्यावर वर्षानुवर्षे प्रयोग झाले आणि राजस्थानात श्रीगंगानगरच्या साखर कारखान्यात उसाच्या जोडीने बीटही गाळले जाई. महाराष्ट्रातही मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने प्रयोग घेतले, आणि इंदापूर तालुक्यात कळस येथे बीटपासून इथेनॉल काढण्याचा प्रकल्प सुमारे दोन दशकांपूर्वी उभा राहिला होता. या सगळ्या खटाटोपातून उत्पादनाचे आणि साखर उताऱ्याचे आकडे आजही उद्‌धृत केले जातात. मात्र उत्तर भारतातल्या त्याच संशोधनाने दुसरी एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे नोंदवून ठेवली आहे, ती अशी की मार्चपासून उष्मा वाढू लागला की उभ्या बीटमध्ये कंदकूज वेगाने पसरते आणि तिचे मुख्य कारण स्क्लेरोशियम रोल्फसाय ही जमिनीतली बुरशी असते.

ही बुरशी आपल्या शेतकऱ्याला नावाने नसली तरी कामाने चांगली परिचयाची आहे. भुईमुगाचे झाड खोडाशी कुजून वाळते, हरभऱ्याची रोपे उगवणीनंतर जमिनीलगत मानेत पिचून आडवी होतात, सोयाबीनमध्ये मधेच चार-दोन झाडे पिवळी पडून जातात, त्यामागे पुष्कळदा हीच असते. पाचशेहून अधिक वनस्पतींवर ती जगू शकते. बीटमध्ये तिची सुरुवात अशी होते: दुपारच्या उन्हात पाने मान टाकतात, संध्याकाळी पुन्हा सावरतात, आणि शेतकऱ्याला वाटते की पाण्याची पाळी लांबली. तो पाणी देतो. चार-पाच दिवसांनी पाने सावरेनाशी होतात. तेव्हा हाताने माती बाजूला करून पाहिले, तर कंदाच्या गळ्याशी पांढऱ्या कापसासारखे तंतू पंख्याच्या आकारात पसरलेले दिसतात, आणि त्या तंतूंवर बारीक गाठी असतात: आधी दुधी, मग बदामी आणि शेवटी मोहरीच्या दाण्यासारख्या गडद तपकिरी. त्यातली एक गाठ नखाने फोडली तर बाहेरची साल कडक आणि आतला गाभा पांढरा असतो. कंदावर बोट दाबले की ते आत जाते. ही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल आणि पेशीभित्ती विरघळवणारी विकरे पुढे सोडून ऊतक आधी मारते आणि मग त्यावर पोसते, म्हणून कंद इतक्या झपाट्याने मऊ पडतो.

मोहरीसारख्या त्या गाठी हेच या रोगाचे बियाणे. यजमान पीक (बुरशी ज्यावर जगते ते पीक) नसले तरी त्या मातीत वर्षानुवर्षे तग धरतात, आणि पृष्ठभागाजवळ ओल, ऊब व थोडा अर्धवट कुजलेला काडीकचरा मिळाला की पुन्हा रुजतात. ऑक्टोबरात बीट पेरले जाते तेव्हा जमीन उबदार असते, त्यामुळे काही रोपे तेव्हाच जातात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सगळे शांत दिसते आणि पीक जोमदार वाटते. फेब्रुवारी सरता सरता, म्हणजे कंद भरून साखर साठलेली असते त्याच वेळी, रोग पुन्हा डोके वर काढतो. या टप्प्यावर आळवणी करून, म्हणजे बुंध्याशी औषध ओतून, एकराचे एकर वाचवता येते असे कोणी सांगत असेल, तर त्याने आपल्या खर्चाने ते एकदा करून दाखवावे.

म्हणूनच सध्या सुचवल्या जात असलेल्या पीकक्रमाविषयी मला गंभीर आक्षेप आहे. ‘सोयाबीन काढा आणि त्याच रानात बीट लावा’ हे गणित कागदावर सुंदर जुळते: सोयाबीन ऑक्टोबरात निघते, बीटची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते, रान रिकामे राहत नाही. पण सोयाबीन हे स्क्लेरोशियमचेही यजमान आहे आणि रायझोक्टोनिया सोलानी या दुसऱ्या मूळकुजीच्या बुरशीचेही. म्हणजे चार महिने बुरशी पोसायची, तिच्या गाठी मातीत टाकायच्या, वरून सोयाबीनचा भुसा आणि मुळे रोटाव्हेटरने वरच्या थरात कालवायची, आणि मग त्याच थरात कंद वाढवायचा. भुईमुगाच्या रानाबाबतही हेच म्हणता येईल. त्यापेक्षा खरिपात बाजरी किंवा ज्वारीसारखे तृणधान्य घेऊन नंतर बीट घेणे निश्चितच कमी जोखमीचे आहे. मका हेही तृणधान्यच असले तरी त्याबाबत थोडा विचार हवा, कारण रायझोक्टोनियाचा बीटवर येणारा एक गट मक्यावरही वाढतो आणि युरोपात मका-बीट फेरपालटीत कंदकूज वाढल्याचा अनुभव आहे. रोटाव्हेटरच्या जागी एकदा पलटी नांगराने खोल नांगरट केली तर गाठी खाली गाडल्या जातात, आणि हवेअभावी त्यांचे रुजणे कठीण होते. आमच्या भागात उन्हाळी नांगरट मागे पडून सगळे काम रोटाव्हेटरवर आले आहे, ही गोष्ट बीटच्या दृष्टीने काळजी वाटावी अशी आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कोणत्या रानात बीट लावावे आणि कोणत्या लावू नये, हे पेरणीआधी सांगता येते. कॅलिफोर्नियातल्या बीटच्या शेतांत याच बुरशीने नुकसान केले, तेव्हा तिथल्या दोन संशोधकांनी मातीचे नमुने घेऊन ते चाळणीतून पाण्याने धुतले, वर राहिलेल्या गाठी मोजल्या, आणि त्या संख्येवरून येत्या हंगामात त्या रानातले किती बीट सडेल याचा अंदाज बांधण्याची पद्धत बसवली. त्यांचा निबंध १९३८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे हे तंत्र नव्वदीच्या घरात पोहोचले आहे. त्याला ना महागडे यंत्र लागते ना परदेशी रसायन. बारीक चाळण्या, पाणी, भिंग आणि काम करणारी दोन माणसे एवढ्यावर ते भागते. आपल्याकडे माती परीक्षण म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, सामू आणि क्षारता. त्या अहवालात बुरशीला स्तंभच नसतो. बहुतेक साखर कारखान्यांकडे स्वतःची किंवा जवळची माती परीक्षण प्रयोगशाळा असते. बीटचा करार करणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या रानाचे नमुने तिथे धुऊन गाठी मोजाव्यात, आणि ज्या रानात त्या जास्त निघतील तिथे त्या वर्षी बियाणे देऊ नये, एवढे करणे कारखान्यांना अवघड नाही. आपल्या मातीत किती गाठींना किती नुकसान होते याचे कोष्टक मात्र कॅलिफोर्नियाकडून उसने घेऊन चालणार नाही. ते राहुरी किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाने दोन-तीन हंगामांत आपल्याकडच्या काळ्या आणि मध्यम जमिनींसाठी बसवावे लागेल.

जैविक उपाय आहेत, आणि त्यांवर आपल्या देशातही काम झालेले आहे. पंतनगरला १९८०च्या दशकात ट्रायकोडर्मा हार्झियानम या उपकारक बुरशीचा बीटवरील स्क्लेरोशियमविरुद्ध अभ्यास झाला होता. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा वाढवून ते पेरणीपूर्वी मातीत मिसळणे योग्यच आहे. मात्र ‘चांगल्या कुजलेल्या’ या शब्दांवर जोर हवा. अर्धेकच्चे खत किंवा उसाचे पाचट कंदाच्या गळ्याशी राहिले तर त्याचा फायदा ट्रायकोडर्माआधी रोगाची बुरशी घेते. खोडव्यात पाचट ठेवण्याची जी चांगली सवय आपण मोठ्या प्रयत्नाने लावून घेतली, ती बीटच्या रानात जशीच्या तशी आणू नये. भरणीचेही तसेच आहे. कंद उघडा पडू नये म्हणून मातीची भर द्यावी लागते; पण ती देताना माती पानांच्या गाभ्यात पडली, की रायझोक्टोनियाला थेट शेंड्यातून शिरायला वाट मिळते.

कंदकुजीशी जोडलेला आणखी एक प्रश्न आहे, आणि तो शास्त्रापेक्षा व्यवहाराचा अधिक आहे. उसाची तोड लांबणे म्हणजे काय, हे या राज्यातल्या ऊस उत्पादकाला सांगावे लागत नाही. कारखान्याच्या चिटबॉयच्या (तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) मागे फिरून, टोळीच्या मुकादमाची मनधरणी करून अखेर ऊस जातो; वजन घटते, तुरा येतो, पण ऊस जातो. बीटची तोड मार्चच्या मध्यावर ठरली असताना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यावर गेली, तर शेतात काय उरेल याचा विचार करारपत्र लिहिणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका करारपत्रात कंद सडका निघाल्यास वजनात कपात करण्याचे कलम आहे, सडका माल नाकारण्याचे कलम आहे. कारखान्याकडून काढणीचा आदेश उशिरा आल्यास त्या सडण्याची भरपाई कोणी द्यायची, याबद्दल एक शब्दही नाही. काढलेला कंदही थांबत नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत बीटचे डोंगर उघड्यावर रचून थंडीत गोठवून महिनोन्‌महिने ठेवतात. आपल्याकडे एप्रिलच्या चाळीस अंशांत बांधावर दोन दिवस पडलेला ढीग आतून तापू लागतो. सडलेल्या कंदातली साखर मोडून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. त्याचे स्फटिक बनत नाहीत, आणि जिवाणूंनी तयार केलेल्या चिकट पदार्थांमुळे रस गाळणीतून उतरेनासा होतो. अर्थात कारखान्यालाही असा माल नको असतो, हे मान्य. पण तसे असेल तर काढणीची तारीख दोन्ही पक्षांवर बंधनकारक असावी.

पानांच्या रोगांत सर्कोस्पोरा बेटिकोला या बुरशीमुळे येणारे ठिपके जगभर या पिकाचे मुख्य दुखणे मानले जातात. तीन ते पाच मिलीमीटरचा गोल ठिपका, मध्ये राखाडी, कडेला लालसर-जांभळी किनार. भिंगातून पाहिले तर राखाडी भागात काळे बारीक ठिपके दिसतात. ते पाहायला बीटच्या शेतात जाण्याची गरज नाही. मंडईतून आणलेल्या पालकाच्या जुडीत अशी दोन-चार पाने बऱ्याचदा सापडतात, कारण आपण ज्याला पालक म्हणतो तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बीटच्याच जातकुळीतला आहे आणि त्यावर येणारी ही बुरशीही तीच आहे. चाकवतावरही ती जगते. सबब बीटच्या रानाच्या बांधाला वर्षभर पालकाचे वाफे असतील, किंवा गेल्या वर्षीची बीटची पाने तिथेच पडलेली असतील, तर रोगाला बाहेरून यायची गरजच राहत नाही. कुजत पडलेल्या पानांत ती दोनेक वर्षे टिकते. दिवसाचे तापमान पंचवीस ते पस्तीस अंश, रात्री सोळाच्या वर, आणि पानावर बराच वेळ ओल, एवढे जमले की साथ पसरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा परतीचा पाऊस आणि फेब्रुवारी-मार्चमधला अवकाळी हे दोन काळ आपल्याकडे नेमके असे असतात, आणि त्यात तुषार सिंचन असेल तर ओल आपणच पुरवतो. ठिबकच बरे.

पाने करपली की बीट गप्प बसत नाही, नवी पाने फोडते, आणि त्यासाठी कंदात साठलेली साखर खर्च करते. शेतकऱ्याला वाटते पीक सावरले. प्रत्यक्षात उतारा घसरत असतो. कंदात सोडियम, पोटॅशियम आणि नत्रयुक्त पदार्थ वाढल्याने साखर मळीत अडकण्याचे प्रमाणही वाढते. तीव्र साथीत चाळीस टक्क्यांपर्यंत साखर बुडाल्याच्या नोंदी आहेत.

या रोगावर फवारणी चालते, पण तिचा इतिहास सावध करणारा आहे. ग्रीसमध्ये बेंझिमिडाझोल गटातली बुरशीनाशके वापरात आल्यावर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच सर्कोस्पोरा त्यांना दाद देईनासा झाला. अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटाच्या रेड नदीच्या खोऱ्यात, जिथे त्या देशातले सर्वांत जास्त बीट पिकते, २०१६ साली रोगाची मोठी साथ आली, आणि तपासणीत आढळले की स्ट्रोबिल्युरिन गटातली औषधे बुरशीच्या मोठ्या भागावर निकामी झाली आहेत. बुरशीच्या एका प्रथिनात १४३व्या जागेवरचे एक अमिनो आम्ल बदलले की हा सगळा गट एका फटक्यात बाद होतो. सांगली-नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना केवडा रोगाच्या बाबतीत हे चांगले ठाऊक आहे. औषधांची आलटापालट आणि मँकोझेब किंवा ताम्रयुक्त स्पर्शजन्य औषधाची जोड, हे त्यांच्या रोजच्या बोलण्यातले विषय आहेत. बीट लावणारा शेतकरी मात्र बहुधा ऊसवाला असेल, आणि उसावर पानांच्या बुरशीसाठी फवारण्याची त्याला सवय नाही. दुकानदार जे देईल ते तो आणील, आणि तेच तीनदा मारील. त्यासाठी बीटच्या कोणत्या रोगावर कोणत्या औषधाला लेबल क्लेम (वापराची अधिकृत मान्यता) आहे आणि कोणत्या गटाचे औषध हंगामात एकदाच वापरायचे, याचा छापील तक्ता बियाण्याच्या पिशवीबरोबरच दिला गेला पाहिजे. भुरीबाबत, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी दिसणाऱ्या रोगाबाबत, फार लिहीत नाही. जानेवारीच्या कोरड्या हवेत ती येते आणि पाण्यात विरघळणाऱ्या गंधकाने बऱ्यापैकी आटोक्यात राहते; शिवाय द्राक्षावरची भुरी बीटवर येत नाही, दोन्हींच्या बुरशा वेगळ्या आहेत, त्यामुळे शेजारच्या बागेला दोष देण्यात अर्थ नाही.

चोपण, म्हणजे क्षारांनी खराब झालेल्या जमिनींविषयी मात्र लिहिणे भाग आहे, कारण कृष्णाकाठच्या खराब झालेल्या हजारो एकरांसाठी बीट हे उत्तर म्हणून मांडले जाते. बीट क्षार सहन करते हे खरे. तरी उगवणीच्या काळात तेही नाजूक असते. मुख्य म्हणजे या जमिनींचे दुखणे नुसते क्षारांचे नाही, निचऱ्याचेही आहे. पाणी साचून राहणाऱ्या भारी रानात पिथियमसारख्या बुरशीसदृश रोगजंतूंना रोपे मारायला आणि पुढे रायझोक्टोनियाला मुळे कुजवायला आयती संधी मिळते. भूमिगत निचरा नळ्या टाकून झाल्यावर तिथे बीट घ्यावे. त्याआधी घेणे म्हणजे शेतकऱ्याच्या पैशाने प्रयोग करणे आहे.

वाणांबाबत एकच मुद्दा. बीटला फुलोरा येण्यासाठी दीर्घ थंडी लागते, त्यामुळे महाराष्ट्रात त्याचे बियाणे तयार होत नाही. ते परदेशातून किंवा फार तर हिमालयाच्या पायथ्यापलीकडच्या थंड डोंगरांतून आणावे लागणार. युरोपातल्या पैदासकारांनी सर्कोस्पोराला तोंड देणारे चांगले वाण अलीकडे काढले आहेत. पण स्क्लेरोशियम हा उष्ण प्रदेशाचा रोग आहे, कडक हिवाळ्यात त्याचा निभाव लागत नाही, म्हणून त्याच्यासाठी वाण निवडण्याची गरज तिकडे कोणाला फारशी भासलेली नाही. वाण चांगला आहे हे सांगताना तो कोणत्या रोगाला चांगला आहे, हेही विक्रेत्याने सांगायला हवे. आणि एकाच वाणावर सगळा तालुका सोपवू नये. उत्तर प्रदेशात को ०२३८ या उसाच्या एका वाणाने बहुतांश क्षेत्र व्यापले, आणि लालकूज या बुरशीजन्य रोगाने त्याला गाठले, तेव्हा तिथल्या कारखान्यांचे आणि शेतकऱ्यांचे काय झाले हे साखर उद्योगातल्या सर्वांनी पाहिले आहे.

साखर आयुक्तालय आणि कृषी विभाग यांनी मिळून पुढच्या ऑक्टोबरच्या पेरणीआधी बीटच्या करारपत्राचा एक नमुना जाहीर करावा, अशी माझी विनंती आहे. त्यात रानाचा मागील तीन वर्षांचा पीकक्रम, मातीतील गाठींच्या मोजणीचा अहवाल आणि काढणीची शेवटची तारीख हे तीन रकाने असावेत; आणि त्या तारखेनंतर सडलेल्या मालाचे वजन कारखान्याच्या खाती धरले जाईल असे कलम त्यात असावे.

आपला,
वनस्पतिरोगशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
(जि. पुणे)